सेन्सरी रूम शोधताय? पैसे भरायच्या आधी हे वाचून घ्या

आमच्याकडे झोके, जाड मॅट, वजनाच्या उश्या असं सामान बनतं, पण दुकानात येणारे बरेचसे आईबाबा सामानाच्या आधी हेच विचारतात, बडोद्यात चांगली सेन्सरी रूम कुठंय हो? म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श, हालचाल ज्या मुलांना फार जड जाते किंवा फार हवी असते, त्यांच्यासाठीची खोली. एखादं नाव सांगून मोकळं होता येतं पण आम्ही ते टाळतो, कारण शेजारच्यांच्या मुलाला जी रूम मानवली तिथंच तुमचं मूल कानावर हात ठेवून रडेल असं होऊ शकतं. आम्ही थेरपी करत नाही. सामान बसवायला जातो तेव्हा रूम आतून बघायला मिळतात, त्यावरून जे सांगण्यासारखं आहे ते इथं लिहिलंय.

आधी एक घोळ मिटवूया. पाटी सेन्सरी रूमचीच असते पण आत दोन वेगळे प्रकार असतात. एक म्हणजे अंधारी शांत खोली, बुडबुडे वर जाणारी रंगीत बबल ट्यूब, फायबर ऑप्टिकच्या चमकणाऱ्या दोऱ्या, बीनबॅग. हा प्रकार १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झाला, तोही बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांसाठी, आणि त्याला स्नूझलन म्हणतात. तिथं कुणी काही शिकवत नाही, निवांत व्हायचं, आवडेल ते बघायचं, हात लावायचा. दुसरा प्रकार म्हणजे झोके, बोल्स्टर (लोडासारखी गोल लांब उशी), ट्रॅम्पोलिन, चढायची जाळी आणि खाली जाड मॅट. हा जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं, खेळ जमावेत म्हणून मदत करणारा थेरपिस्ट) सेन्सरी इंटिग्रेशनच्या, म्हणजे मेंदू या सगळ्या संवेदनांची सांगड कशी घालतो त्याच्या कामातून आला, इथं मुलाला चांगला घाम येतो, आणि सोबत जाणकार थेरपिस्ट नसेल तर तो नुसता खेळ होतो. मॉलमधला सॉफ्ट प्ले वेगळाच, तिथं मजेसाठी खुशाल जा.

आता दिवसभर सोफ्यावरून उड्या मारणारं मूल आणि मिक्सर लावला की घर डोक्यावर घेणारं मूल, दोघांची गरज सारखी नाही, शिवाय काही मुलांत दोन्ही असतं, त्यामुळे कुठली रूम हे ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला सगळे ओटीच म्हणतात) मूल तपासून ठरवू द्या. म्हणून शोधतानाही आधी माणूस शोधा. गूगलवर 'सेन्सरी रूम' टाकलं की प्ले एरिया आणि शोभेचे दिवेच जास्त येतात, 'पीडियाट्रिक ऑक्युपेशनल थेरपी' टाकून बघा. सरकारी रस्ताही आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी डीईआयसी नावाची जिल्ह्याची केंद्रं आहेत, फी लागत नाही. सयाजी हॉस्पिटलच्या मुलांच्या ओपीडीत विचारलंत की पुढे कुठं जायचं ते कळेल. आणि स्पेशल स्कूलच्या गेटवर सुटायच्या वेळी उभ्या असलेल्या आया, त्यांच्याइतकी खरी माहिती कुठल्याच वेबसाइटवर नाही.

ओटीकडे बीओटी किंवा एमओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची बॅचलर किंवा मास्टर डिग्री आहे का हे सरळ विचारा, स्पेशल एज्युकेटर असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा) रजिस्ट्रेशन नंबर मागा, ज्याच्याकडे आहे तो रागवत नाही. 'ऑटिझम बरा करून देतो' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन घरी या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनं २०१२ मध्ये म्हटलंय की सेन्सरी थेरपी एकूण उपचारांचा एक भाग म्हणून चालेल पण तिच्या परिणामाबद्दलचं संशोधन मर्यादित आहे, हे आईबाबांना सांगावं. आम्ही हेच सामान विकतो तरी आमचंही मत तेच आहे. आईबाबांना आत डोकावू देत नाहीत, किंवा मूल चिडलं की शिक्षा म्हणून त्याला त्या खोलीत बंद करतात, अशा ठिकाणी परत जाऊ नका.

रूम बघायला गेलात की आधी वर बघा. झोक्याचा हुक स्लॅबमध्ये अँकर बोल्टनं बसवलेला पाहिजे, फॉल्स सीलिंगच्या पट्टीत नाही. हुक आणि दोरीच्या मधे गोल फिरणारी कडी असते, स्विव्हल, ती नसली तर मूल गरगर फिरताना दोरी पिळवटते आणि काही महिन्यांत वरच्या गाठीपाशी तंतू सुटायला लागतात, तिथं बोट फिरवून बघा. थेरपिस्टला म्हणा तुम्ही स्वतः बसून दाखवा. मॅट झोका जिथपर्यंत जातो तिथपर्यंत हवी, नुसती मधोमध नको. बबल ट्यूबच्या पाण्याला वास येतोय का, बॉल पूलचे बॉल कधी धुतात, हेही बघा.

दिव्यांचं मात्र नीट ऐका. प्रत्येक दिव्याला वेगळं बटण पाहिजे, सगळं एकदम चालू होणारी रूम बऱ्याच मुलांना जड जाते. मुलाला फिट येत असेल तर आधीच सांगा, भकभक करणारे दिवे काही मुलांत फिट आणू शकतात. वजनाची गोधडी मुलाला स्वतःची स्वतः बाजूला करता आली पाहिजे, तोंडावर कधीच नाही, आणि श्वासाचा त्रास किंवा फिट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सकाळी सेंटरमध्ये अगरबत्ती लावत असतील तर तीही विचारात घ्या, वासाला हळव्या मुलाचं तिथंच बिनसतं. आणखी एक, इथं थेरपी बहुतेक गुजराती-हिंदीत चालते, मूल घरी मराठी ऐकतं, तर 'पुरे', 'अजून', 'नको' साठी ते काय म्हणतं किंवा कसा हात करतं ते चिठ्ठीवर लिहून द्या.

पैशाचं म्हणाल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो, पण पक्की बिलं लागतात म्हणून पहिल्या दिवसापासून फाइल करा.

रूम मिळेपर्यंत घरातला एक कोपराही बरंच काम करतो. नवरात्रात माइक सुरू झाला किंवा उत्तरायणला गच्चीगच्चीवर स्पीकर लागले की कपाटामागे गादी, जाड पडदा, जुनी गोधडी आणि कानावरचे इअर मफ एवढ्यावर मूल सावरू शकतं. कणीक मळायला देणं, पाण्याच्या बाटल्या उचलायला लावणं, याला आमच्याकडून काही घ्यावं लागत नाही.

झोका मात्र ओटीनं सांगितल्याशिवाय घेऊ नका. येताना त्यांची चिठ्ठी, मुलाचं वजन आणि खोलीचा छताकडे धरून काढलेला एक फोटो आणा. भाड्याचं घर असेल आणि मालक छताला भोक पाडू देत नसेल तर स्टँडचा झोका आहे, त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा लागते, म्हणून खोलीचं मापही घेऊन या.