बँडमास्तर (सोलापूर)

बँडमास्तर : सुषिर (फुंकून वाजविण्याच्या) व तालवाद्यांच्या फिरत्या पथकाचा प्रमुख वादक, चालक आणि शिक्षक. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा चालक हातात छडी घेऊन वादकांसमोर उभा राहतो व स्वतः वाजवत नाही. सोलापूर शहरातील व जिल्ह्यातील खाजगी पथकांचा मास्तर मात्र बहुधा क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवीतच पुढे चालतो आणि चाल बदलण्याची, ठेका दुप्पट करण्याची वा थांबण्याची खूण वाद्य उंचावून करतो. नवशिक्या मुलांना तयार करण्याचे कामही त्याच्याकडेच असते. त्यामुळे वाद्यवृंदचालक व संगीतशिक्षक या दोन पेशांचा विचार येथे एकत्र केला आहे.

सोलापुरात बँड कोठून आला याविषयी मुख्यतः दोन मते मांडली जातात. पहिले मत छावणीशी जोडलेले आहे. मे १८१८ मध्ये टॉमस मन्रो याच्या फौजेने सोलापूर जिंकल्यानंतर येथे इंग्रजी सैन्याचा तळ राहिला. शहरातील लष्कर व सदर बझार हे भाग त्याची साक्ष देतात. ब्रिटिश पलटणींच्या बँडचे चालक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळदा मुलकी नोकर, त्यातही जर्मन वा इटालियन असत. क्रिमियाच्या युद्धकाळातील एका संचलनात निरनिराळ्या पलटणींनी एकच राष्ट्रगीत वेगवेगळ्या सुरांत वाजविल्याची फजिती सांगितली जाते. अशा अनुभवांतून १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली व बँडमास्तर हा शिक्षण घेतलेला, दर्जा असलेला लष्करी माणूस झाला. पलटणीतून सुटलेले वादक व टाकून दिलेली वाद्ये गावात येऊन खाजगी पथके उभी राहिली, असे या मताचे अभ्यासक मानतात. गणवेश, रांगेने चालणे आणि वाद्यांचा संच या गोष्टी त्याला पोषक आहेत.

दुसरे मत वाजंत्र्यांपासून सुरुवात करते. लग्न, देवाची पालखी व उरूस यांपुढे वाजविण्याचे काम सोलापूर, सांगली व सातारा या पट्ट्यात होलार, कोरवी, घडशी, गुरव, मातंग इ. समाजांकडे पिढीजात होते. दोन सनया (एक चाल वाजविणारी, दुसरी केवळ आधारसूर धरणारी), जोडीला संबळ, डफ किंवा हलगी असा त्यांचा ताफा असे. ग्रेगरी बूथ यांनी भारतातील लग्नाच्या बँडचा जो अभ्यास केला आहे, त्यात मिरवणुकीच्या संगीताची ही जुनी जागा व तिचे जुने वादक यांवर भर आहे. बँड म्हणजे केवळ लष्करी बँडची नक्कल नव्हे, असे त्यातून दिसते. सोलापूरपुरते पाहता वाद्ये छावणीची आणि वादक वाजंत्र्यांचे, ही मांडणी अधिक पटणारी आहे. कारण लष्करी बँडचा कणा असलेले लिखित स्वरलेखन येथील खाजगी पथकांत रुजलेले दिसत नाही, आणि पाठांतर, तोंडी तालीम व घराणेदार वारसा ही वाजंत्र्यांची पद्धत मात्र टिकून आहे. गोव्याच्या चर्चशाळांत तयार झालेल्या वादकांनी संस्थानी बँड व मुंबईचे चित्रपटसंगीत घडविले हे खरे असले, तरी तो प्रभाव सोलापुरात चित्रपटगीतांच्या मार्गाने, म्हणजे एका पायरीने दूर राहून, पोचला असावा.

वाजंत्र्यांच्या ताफ्याचा बँड केव्हा झाला हे स्थूलमानानेच सांगता येते. पितळी वाद्यांना सर्व स्वर देणारी झडप १८१८ साली प्रशियात पेटंट झाली आणि अ‍ॅडॉल्फ सॅक्सने सॅक्सोफोनचे पेटंट १८४६ मध्ये घेतले. त्यापुढील काळात ही वाद्ये कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघू लागली. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली व १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरणगावातील रोख पगार आणि मेरठसारख्या ठिकाणी सुरू झालेला देशी वाद्यांचा व्यापार लक्षात घेता, खाजगी पथकांचा उदय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वा विसाव्याच्या आरंभी मानणे सयुक्तिक ठरते.

सनईवाला क्लॅरिनेटकडे वळतो तेव्हा त्याला बोटांची सवय बदलावी लागते. सनईची नळी शंक्वाकार असल्याने जोराने फुंकल्यास तोच स्वर वरच्या सप्तकात निघतो. क्लॅरिनेटची नळी दंडगोल आहे. तिच्यात अंगठ्याची कळ दाबली असता ज्या बोटांनी सा निघतो त्याच बोटांनी पुढच्या सप्तकातील पंचम निघतो. म्हणजे दोन सप्तकांची बोटे निरनिराळी पाठ करावी लागतात. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) काढताना ओठांची पकड सैल करणे व बोट भोकावरून हळूहळू सरकविणे ही सनईची युक्ती मात्र येथेही चालते. जिल्ह्यातील फुंकीची परंपरा बँडपुरती नाही, हेही नोंदवले पाहिजे : सनईच्या कुळातील सुंदरी हे लहान वाद्य अक्कलकोट-सोलापूर भागातील जाधव घराण्याने जोपासले असून पं. सिद्राम जाधव यांनी त्याला मैफलीत स्थान मिळवून दिले.

मास्तराची खरी कसोटी सूर जुळविण्यात असते. नेहमीच्या क्लॅरिनेट व ट्रम्पेटचा लिखित सा हा पेटीच्या काळी पाचवर (सप्तकातील पाचव्या काळ्या पट्टीवर) येतो, तर आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनवर. त्यामुळे क्लॅरिनेटवाला ज्या बोटांना सा म्हणतो, त्याच स्वरासाठी सॅक्सोफोनवाल्याला आपल्या वाद्यावरचा पंचम धरावा लागतो. युफोनियम (मोठे, खालच्या सुराचे पितळी वाद्य) व ट्रम्पेट यांची बोटे सारखी असली, तरी युफोनियम एक सप्तक खाली बोलतो. स्वरलेखन वाचणाऱ्या बँडमध्ये ही तफावत प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून मिटविली जाते; खाजगी पथकांत मास्तर प्रत्येकाला त्याच्या वाद्याच्या बोटांनुसार निराळी सरगम सांगतो, क्वचित वहीत देवनागरीत लिहून देतो. अलीकडे मिरवणुकीत बँडबरोबर चालणाऱ्या गाड्यावर कीबोर्ड आल्यापासून त्याचाच सूर सरकवून क्लॅरिनेटच्या काळी पाचशी मिळविला जातो, आणि मास्तराच्या कानाचे काही काम यंत्राकडे गेले आहे.

शिक्षणाला ठराविक अभ्यासक्रम नसतो. घरातला किंवा नात्यातला मुलगा प्रथम खुळखुळा व झांज घेऊन मिरवणुकीत चालतो, मग साइड ड्रम धरतो. फुंकीचा दम आल्यावर त्याला दुय्यम पितळी वाद्य मिळते आणि चाल वाजविण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. मास्तरकी वडिलांकडून मुलाकडे जाते, किंवा एखादा हुशार वादक स्वतःची वाद्ये घेऊन वेगळा ताफा काढतो. वाद्ये, गणवेश व गाडा हे भांडवल मालकाचे असते. मालक आणि मास्तर निराळे असल्यास मास्तराला इतर वादकांपेक्षा वाढीव वाटा मिळतो.

कामाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन ज्येष्ठापर्यंत चालतो. सुपारी घेताना काही रक्कम विसार म्हणून घेण्याची रीत आहे. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेणारा परण्या आणि लग्नानंतरची वरात ही मुख्य कामे होत. चातुर्मासात लग्ने थांबली तरी नारळी पौर्णिमेची मार्कंडेय मिरवणूक, गणेशोत्सव व नवरात्र यांत काम मिळते. गणेशोत्सवात मात्र सोलापूरचा मान लेझीम पथकांचा आहे. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू व दख्खनी उर्दू बोलणारे लोक असल्याने येथील मास्तराला चारही भाषांतील चाली पाठ ठेवाव्या लागतात, आणि पद्मशाली (तेलुगू भाषक विणकर समाजाच्या) लग्नात तेलुगू गाणे न आल्यास पुढची सुपारी हातची जाते. बँजो पथके व डीजे यांच्या स्पर्धेमुळे अनेक ताफे लहान झाले आहेत. ध्वनिवर्धकांवर रात्री १० नंतर निर्बंध घालणाऱ्या २००० सालच्या नियमांचा काच गाड्यावर कर्णे बसविलेल्या बँडलाही बसतो.

पगारी नोकरीचा मार्ग वर्दीतून जातो. राज्याच्या पोलीस भरतीत बँड्समन हे पद स्वतंत्र असून त्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे पुरते. भूसेनेच्या बँडमास्तरांचे शिक्षण १९५० साली स्थापन झालेल्या पचमढी येथील लष्करी संगीत विभागात होते. नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला आहे. या संस्थांत स्वरलेखन, वाद्यवृंदरचना व संचालन रीतसर शिकविले जाते. सोलापूरच्या मुलाला जवळच्या लष्करी बँडच्या केंद्रांपैकी एक म्हणजे बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

शाळांत बँड शिकविणारा हा बहुधा निवृत्त पोलीस वा लष्करी वादक, किंवा हंगाम नसताना मानधनावर येणारा खाजगी पथकाचा मास्तर असतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा मुळात एकेका गायक-वादकासाठी आखलेल्या असल्याने, त्यांत पथकचालनाचे कौशल्य मोजले जात नाही. परिणामी विशारद झालेला संगीतशिक्षक प्रार्थना व समूहगीत बसवितो आणि संचलनाचे पथक बाहेरच्या मास्तरावर सोपविले जाते. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत ब्रास (पितळी वाद्यांचा) व पाइप (मशकबाजाचा) असे दोन प्रकार असून मुलींची पथके स्वतंत्रपणे उतरतात. खाजगी ताफ्यांत स्त्री-वादक अपवादानेच दिसतात.