लहान मुलांचं मिनी फुटबॉल

साधारण ४ ते ८ वर्षांच्या पोरांसाठी छोट्या मैदानात, एका बाजूला ३ ते ५ जण घेऊन खेळवला जाणारा फुटबॉल. ऑफसाइड (बचाववाल्यांच्या पुढे जाऊन पास घ्यायला मनाई) नसतो, बऱ्याच ठिकाणी गोलकीपरही नसतो, बॉल ३ नंबरचा, म्हणजे लहान आकाराचा. अकरा-अकराच्या मॅचमध्ये एका बॉलमागे २२ जण, इथे ४-४ मध्ये फक्त ८, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल किती जास्त वेळा लागणार हे सांगायलाच नको.

उगमाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. काही जण याचं मूळ फुटसालमध्ये, म्हणजे हॉलमधल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलमध्ये शोधतात, जो साधारण १९३० मध्ये उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या वायएमसीए या तरुणांच्या संस्थेत हुआन कार्लोस सेरियानींनी बसवला असं मानतात (ब्राझीलवाले साओ पाउलोचं नाव पुढे करतात), आणि तिथेच १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेबी फुटबॉलसाठी, म्हणजे लहान मुलांच्या फुटबॉलसाठी सरकारी पातळीवर यंत्रणाही उभी राहिली. पण फुटसालला गोलकीपर लागतो आणि तो मुळात चिमुरड्यांसाठी नव्हताच, त्यामुळे आजच्या स्वरूपाचा धागा १९८० च्या दशकात डच लोकांनी रुजवलेल्या ४-४ शी जास्त जुळतो असं वाटतं. त्याच सुमारास, किंवा थोडं नंतर, जर्मन कोच होर्स्ट वाइन (मृत्यू २०१६) यांनी फुनिन्यो नावाचा प्रकार मांडला. हा माणूस मूळचा हॉकीचा. ३-३ खेळाडू, चार छोटे गोल, प्रत्येक टीमने दोन सांभाळायचे आणि दोनवर मारायचे, शॉट फक्त गोलसमोरच्या ६ मीटरच्या पट्ट्यातूनच. एका गोलसमोर गर्दी झाली की मुलाला मान वर करून दुसरा मोकळा गोल बघावाच लागतो, कुणी ओरडून सांगायची गरज पडत नाही, आणि या खेळाची खरी ताकद हीच आहे.

जर्मनीने २०२४-२५ पासून लहान वयोगटांत असे प्रकार सक्तीचे केले, अमेरिकेत २०१७ पासून ८ वर्षांखालच्यांना ४-४, कीपरशिवाय; तिथे १० वर्षांपर्यंत हेडिंगलाही (डोक्याने बॉल मारायला) बंदी आहे. भारतात एआयएफएफने (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने) २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग आणली, साधारण ६ ते १२ वयासाठी, मुलं-मुली एकत्र.

नाशिकमध्ये हा खेळ घडतो तो मुख्यतः शाळेची मैदानं, गोल्फ क्लब ग्राउंडसारख्या मोकळ्या जागा आणि भाड्याचे टर्फ (कृत्रिम गवताची मैदानं) यांच्यावर. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो म्हणून टर्फच बरे पडतात. एका टर्फच्या मधे आडवे कोन (प्लास्टिकचे शंकू) लावले की दोन मैदानं होतात, छोटे गोल नसतील तर तेही कोनचेच, दोन पावलांच्या अंतरावर. पालकांनी जाळीबाहेरच थांबावं, कारण ‘पास दे, पास दे’ सुरू झालं की पाच वर्षांचं पोर बॉल सोडून आईबाबांकडेच बघत राहतं, आणि या वयात त्याने पास देण्यापेक्षा बॉल घेऊन पळणंच जास्त महत्त्वाचं.