जलविमानाचा देखावा

जलविमानाचा देखावा : पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची ठरावीक प्रमाणातील प्रतिकृती, तिच्याखालचे पाणी आणि लगतचा काठ एकाच फळीवर मांडून साकारलेले छोटे दृश्य. प्रतिकृतिकार याला डायोरामा म्हणतात. लुई दागेर याने १८२२ साली पॅरिसमध्ये रंगवलेल्या पडद्यांवर प्रकाश पाडून दृश्ये दाखवायला सुरुवात केली, त्या खेळाचे हे नाव. मराठीत गणपतीपुढच्या आराशीमुळे ‘देखावा’ हा शब्द आधीच रुळलेला असल्याने येथे तोच वापरला आहे. विमानाचे सुटे भाग किटच्या डब्यात मिळतात. पाणी मात्र हाताने करावे लागते आणि देखावा फसतो तो बहुधा तेथेच.

पाण्यावरून उडालेले पहिले यंत्रचलित विमान आंरी फाब्र याचे. ते २८ मार्च १९१० रोजी फ्रान्समधील मार्तीगजवळ उडाले. पुढे जलविमानांचे दोन मुख्य प्रकार झाले. एकात विमानाचे पोटच होडीसारखे असते, तर दुसऱ्यात साध्या विमानाला चाकांऐवजी तरंडे (फ्लोट) जोडतात. जलविमान म्हणजे समुद्रच, असे मात्र नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कराचीहून कलकत्त्याकडे जाणारी इंपीरियल एअरवेजची जलविमाने राजस्थानातील राजसमंद तलावावर उतरत असत. त्यामुळे मराठवाड्यातील एखाद्या प्रतिकृतिकाराने पैठणच्या नाथसागरावर जलविमान उतरवले, तर प्रसंग कल्पित असला तरी तो अशक्य कोटीतला ठरत नाही.

प्रतिकृतीचे प्रमाण आधी ठरवावे लागते, कारण लाटेची उंचीही त्यावरच ठरते. सर्वांत रूढ प्रमाण १/७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. या प्रमाणात ट्विन ऑटर या सुमारे १९.८ मीटर पंखविस्ताराच्या विमानाची प्रतिकृती साडेसत्तावीस सेंटिमीटर भरते, साडेपाच फुटी माणूस २३ मिलिमीटरचा होतो आणि जलाशयावरची वीतभर लाट जेमतेम तीन मिलिमीटर उरते. नवख्याच्या देखाव्यात लाटा हटकून बोटभर उंच असतात आणि विमान वादळात सापडल्यासारखे दिसते.

खरे पाणी वापरले तर काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. विमान लहान करता येते, पण पाण्याचा पृष्ठताण लहान करता येत नाही. विमानाच्या शेपटीवर साचलेला तीन मिलिमीटरचा थेंब १/७२ च्या जगात लहानशा कलिंगडाएवढा होतो, आणि तरंड्याच्या कडेला चढलेली पाण्याची किनार बांधासारखी दिसते. म्हणून पाण्याचा भास रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव), जेल, कागद आणि वार्निश यांतून निर्माण करतात.

त्यातही पाणी कोणते, हे आधी पाहावे लागते. परदेशी पुस्तिकांमधला निळा रंग नाथसागराला लागू पडत नाही. पावसाळ्यात गोदावरीला आलेले नवे पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखे गढूळ असते. ते निवळल्यावर हिरवट झाक येते, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठाला गाळाची रुंद पट्टी आणि भेगाळलेली काळी जमीन उघडी पडते. गढूळ पाण्याचा फायदा असा की त्याचा तळ दिसत नाही, त्यामुळे रंगवलेल्या फळीवर दोन-तीन मिलिमीटरचा थर पुरतो. निवळ पाण्यासाठी मात्र काठाकडे फिकट आणि खोलीकडे गडद असा तळ आधी रंगवावा लागतो. रेझिन त्या रंगाला फक्त खोली देते. रेझिनमध्ये रंग मिसळायचा तो आगकाडीच्या टोकाने, कारण एक थेंब जास्त झाला तरी पाण्याचे सरबत होते.

एपॉक्सी रेझिन आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात. अंदाजपंचे चालत नाही. वरमाळा जतन करण्याची आणि नक्षीदार ट्रे ओतण्याची हौस वाढल्यापासून हे साहित्य सहज मिळू लागले आहे. मिश्रण घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. जाड थर एकदम ओतला तर तो तापून पिवळा पडतो किंवा तडकतो, म्हणून पातळ थर एकावर एक द्यावे लागतात. मराठवाड्यातील मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, मिश्रण भांड्यातच घट्ट होऊ लागते. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. भर पावसाळ्यात दमट हवेमुळे वर चिकट, दुधी साय धरू शकते. दिवाळीनंतरचे महिने या कामाला उत्तम. लाकडातून आणि प्लास्टरमधून हवा सुटून बुडबुडे येतात, म्हणून फळीला आधी वार्निशचे दोन हात द्यावे. कडेने प्लास्टिकच्या पट्ट्यांचा बांध घालून सांधे टेपने बंद करावे, कारण सुईएवढ्या छिद्रातूनही रात्रभरात निम्मे पाणी टेबलावर येते. ओतल्यावर धुळीपासून बचाव म्हणून वर परात उपडी घालावी. त्याहून सोपा उपाय नाही.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असले तरी त्यातील स्टायरिन थर्माकोल विरघळवते आणि किटच्या पॉलिस्टायरिन प्लास्टिकलाही खाते. एपॉक्सीने तसे होत नाही.

पाण्याइतकेच महत्त्वाचे, आणि सर्वाधिक दुर्लक्षित, म्हणजे विमान पाण्यात किती बुडाले आहे ते. तरंड्यांची क्षमता गोड्या पाण्यात विमानाचे कमाल वजन पेलण्यास लागणाऱ्या क्षमतेपेक्षा ८० टक्के जास्त ठेवण्याचा नियम रूढ आहे. याचा अर्थ, पूर्ण भरलेल्या विमानाच्या तरंड्यांचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पाण्याखाली असतो. किटमधले तरंडे घडीव असल्याने ते पूर्ण दिसावेत असा मोह होतो, आणि मग विमान ओसरीवर काढून ठेवलेल्या चपलांसारखे पाण्यावर नुसते ठेवलेले दिसते. रेझिन ओतण्यापूर्वीच तरंडे खाली खिळवावे, पाणरेषेलगत ओलसर गडद पट्टी रंगवावी आणि तरंड्यांच्या मागची पाणसुकाणू विमान संथ चालत असेल तर खाली, उड्डाण घेत असेल तर वर उचललेली दाखवावी.

वाऱ्याचाही मेळ बसवावा लागतो. जलविमानाला पाण्यावर ब्रेक नसतात. नांगरलेले विमान वातकुक्कुटाप्रमाणे आपले नाक वाऱ्याकडे वळवते. पावसाळी देखाव्यात पश्चिमेचा वारा धरला तर नाक पश्चिमेला आणि तरंगांच्या ओळी त्याला आडव्या हव्यात. हे तरंग उठवण्याची स्वस्त रीत म्हणजे टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलने फळीवर चिकटवून ओल्या कुंचल्याने सुरकुत्या पाडणे, आणि वाळल्यावर रंगवून वर चकचकीत वार्निश देणे. अॅक्रिलिक जेल थोपटूनही तरंग निघतात. ओले असताना ते दुधी दिसते, पण वाळल्यावर निवळते, तेव्हा घाबरून पुसू नये. संथ चालणाऱ्या विमानामागची लाटांची पाचर खोल पाण्यात दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांनी उघडते. त्याहून रुंद पाचर कितीही सुबक असली तरी डोळ्याला खटकते. फेसासाठी पांढरा रंग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त लाटेच्या माथ्यावर लावावा.

काठाला चप्पूवरचा (छोट्या तराफ्यावरचा) मच्छीमार, वेडी बाभूळ आणि पाण्यात सोडलेला मोटारीचा पाइप एवढे आले तरी स्थळ ओळखू येते. उन्हात एपॉक्सी पिवळे पडते, म्हणून तयार देखावा खिडकीपासून दूर ठेवतात. पाण्यावर बसलेली धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यास बारीक चरे पडतात. ती मऊ कुंचल्याने झटकावी.