दायगो व बाळांच्या दूध पावडरीची टंचाई

परदेशातील गिऱ्हाइकासाठी किरकोळ दुकानांतून माल विकत घ्यायचा आणि तो टपालाने किंवा प्रवासी सामानातून त्याच्याकडे पोहोचवायचा, या व्यवहाराला चिनी भाषेत ‘दायगो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्याच्या वतीने केलेली खरेदी’ असा असून अशी खरेदी करणाऱ्या व्यक्तीलाही हेच नाव आहे. हातपिशव्या, सौंदर्यप्रसाधने, जीवनसत्त्वांच्या गोळ्या अशा कितीतरी वस्तू या वाटेने चीनमध्ये जात आल्या. पण हा व्यवहार जगभर चर्चेचा विषय झाला तो बाळांच्या दूध पावडरीमुळे. २००८ नंतरच्या दशकात हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील दुकानांत ही पावडर वेळोवेळी दिसेनाशी झाली. या काळात तिथे दुधाचा तुटवडा नव्हता आणि कारखानेही चालू होते. अमेरिकेत २०२२ मध्ये पडलेली टंचाई याहून वेगळी होय. तिच्यामागे मिशिगन राज्यातील स्टर्जिस येथील ॲबट कंपनीचा कारखाना बंद पडणे हे मोठे कारण होते. दायगोमुळे पडणाऱ्या टंचाईत माल पुरेसा तयार होतो, दुकानापर्यंत येतोही, पण ज्या गावातल्या बाळांसाठी तो मांडलेला असतो त्यांच्या घरी जात नाही.

या टंचाईचे मूळ चीनमधील भेसळीत आहे. २००४ मध्ये आनह्वे प्रांतातील फूयांग परिसरात नकली पावडर विकली गेली. तिच्यात प्रथिने जवळजवळ नव्हतीच. ती पिणाऱ्या बाळांचे हातपाय सुकत गेले, तोंडे सुजून डोकी मोठी दिसू लागली आणि त्यांतील काही दगावली. त्याहून मोठा घात २००८ मध्ये उघडकीस आला. दूध गोळा करणारे लोक दुधात पाणी घालत. पाण्यामुळे प्रथिनांचे प्रमाण घटते. पण नेहमीच्या तपासणीत प्रथिने थेट मोजली जात नाहीत, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडला जातो. मेलामाइन या रसायनाच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे चिमूटभर मेलामाइनने पाणीदार दूध कागदोपत्री कसदार ठरे. ज्याच्यापासून न फुटणाऱ्या ताटल्या करतात तेच हे मेलामाइन. बाळांच्या मूत्रपिंडात त्याचे खडे झाले. सरकारी आकड्यांनुसार सहा बाळे मृत्युमुखी पडली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली.

या प्रकरणाच्या केंद्रस्थानी हपै प्रांतातील शिच्याच्वांग शहरातली सानलू ही कंपनी होती, परंतु तपासणीत एकंदर बावीस उत्पादकांच्या मालात मेलामाइन सापडले. सानलूमध्ये न्यूझीलंडच्या फोंटेरा या दूध सहकारी संस्थेचा ४३ टक्के वाटा होता, म्हणजे परदेशी भागीदार असूनही भेसळ रोखली गेली नव्हती. शिवाय सानलूच्या मालाला सरकारी तपासणीतून सूट मिळालेली होती. कंपनी दिवाळखोरीत गेली, तिच्या अध्यक्षबाईंना जन्मठेप झाली आणि २००९ मध्ये दोघांना मृत्युदंड देण्यात आला. शिक्षा कठोर होत्या, तरी आयांच्या मनातली भीती त्यांनी गेली नाही. भारतानेही सप्टेंबर २००८ मध्ये चिनी दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली आणि ती पुढे वेळोवेळी वाढवली.

परदेशी कंपन्यांची पावडर चीनमध्ये रीतसर मिळत होती, तरीही दायगोला मागणी राहिली, ही या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. एकाच कंपनीचे दोन प्रकारचे डबे बाजारात असत. एक चिनी लेबलचा, चीनसाठी मुद्दाम तयार केलेला. दुसरा इंग्रजी लेबलचा, सिडनी किंवा लंडनच्या बाळांसाठीचा. गिऱ्हाइकाला दुसराच हवा असे. कंपनीच्या नावावरचा विश्वास पुरेसा नव्हता. तिथल्या आया स्वतःच्या बाळासाठी ज्या फळीवरून डबा उचलतात, त्याच फळीवरून आपलाही डबा आला आहे, याची खात्री त्याला हवी असे. म्हणून दायगो दुकानाच्या फळीसमोर उभे राहून मोबाइलवर चित्रफीत काढत, बिलाचे छायाचित्र वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर पाठवत आणि खोके बंद होतानाही दाखवत. खरे तर विकली जात होती ती ही खात्री. म्हणूनच घाऊक बाजारातून माल उचलण्याची वाट दायगोला फारशी उपयोगाची नव्हती, आणि ताण नेमका किरकोळ दुकानावर येत होता.

हाँगकाँगमध्ये ही झळ सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्र बसली. शेनचेन या चिनी शहराच्या सीमेलगतचे शंग-शुई हे उपनगर सीमेपलीकडे माल नेणाऱ्यांचे ठाणे बनले. स्टेशनाबाहेर पदपथावर बसून खोकी फोडायची, डबे चाकांच्या पिशव्यांत भरायचे आणि दिवसातून अनेकदा सीमा ओलांडायची, असा त्यांचा क्रम असे. २०१२ मध्ये तिथे रहिवाशांनी निदर्शने केली. १ मार्च २०१३ पासून सरकारने निर्यात नियमांत दुरुस्ती करून, सोळा वर्षे वा अधिक वयाच्या व्यक्तीला चोवीस तासांत १.८ किलोपेक्षा जास्त, म्हणजे ९०० ग्रॅमच्या दोन डब्यांहून जास्त पावडर बाहेर नेण्यास मनाई केली. उल्लंघनास पाच लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवण्यात आली. बाळाच्या दुधासाठी तुरुंग, हे ऐकायला विचित्र वाटते; पण तो नियम स्थानिक बाळांसाठीच केलेला होता. त्याच वर्षी ब्रिटनमधील मोठ्या दुकानसाखळ्यांनी माणशी दोन डब्यांची मर्यादा घातली. जर्मनी व नेदरलँड्समध्येही तसेच झाले. तिथे ॲप्टामिल आणि न्यूट्रिलॉन या छापांना विशेष मागणी होती.

ऑस्ट्रेलियातील टंचाई नोव्हेंबर २०१५ मध्ये शिगेला पोहोचली. चीनमध्ये ११ नोव्हेंबर हा ऑनलाइन खरेदीचा मोठा दिवस मानला जातो आणि त्याच्या आसपास मागणी उसळली. टास्मानियातील बेलामीज कंपनीची सेंद्रिय पावडर, एटू प्लॅटिनम आणि ॲप्टामिल हे छाप फळ्यांवरून नाहीसे झाले. साधारण २५ ते ३५ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या डब्याला टंचाईच्या दिवसांत चीनमध्ये शंभर डॉलरपर्यंत भाव मिळे. ही खरेदी करणाऱ्यांत चिनी विद्यार्थी, गृहिणी आणि मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबाही असत. कुणी नात्यातल्या बाळासाठी दोन डबे पाठवी आणि त्यातूनच हळूहळू धंदा उभा राही. चिनी वस्ती असलेल्या उपनगरांत डबे खोक्यांत बांधून पाठवणारी दुकाने निघाली. टपाल खात्यानेही मागे न राहता २०१८ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुड भागात या ग्राहकांसाठी खास कार्यालय उघडले.

दुकानांनी आधी माणशी चार आणि नंतर दोन डब्यांची मर्यादा लावली. ती चुकवणे अवघड नव्हते: एकाच कुटुंबातली चार माणसे वेगवेगळ्या रांगांत उभी राहत, किंवा एकच माणूस डबे गाडीत ठेवून पुन्हा आत येई. कोल्स या दुकानसाखळीने पुढे काही दुकानांत डबे फळीवरून काढून काउंटरमागे ठेवले. चोऱ्याही वाढल्या आणि न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी चोरीचे हजारो डबे पकडले. या सगळ्यात खरी ओढाताण झाली ती वरच्या दुधावर असलेल्या बाळांच्या घरांची. ९०० ग्रॅमचा डबा बाळाला आठवडा-दहा दिवस पुरतो, आणि सवयीची पावडर सोडून एकदम दुसरी द्यायला आईबाप धजत नाहीत. त्यामुळे लोक या दुकानातून त्या दुकानात गाडी पळवत, माल कुठे आला आहे ते एकमेकांना कळवत आणि सापडलाच तर गरजेपेक्षा जास्त उचलत. या घाबरट साठ्याने टंचाई आणखी वाढे. रागाला वंशाचा रंगही चढला. आपल्या बाळासाठी एक डबा घेणाऱ्या आशियाई चेहऱ्याच्या आईकडेही रांगेतले लोक संशयाने पाहू लागले.

मागणी एवढी असताना दुकानांनी भाव का वाढवला नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. बाळाच्या दुधाचा भाव चढवणाऱ्या दुकानाला लोक क्षमा करत नाहीत, म्हणून साखळ्यांनी किंमत जवळपास स्थिर ठेवली, आणि तिथल्या व चीनमधल्या किमतीतली हीच तफावत दायगोची कमाई ठरली. उत्पादनही लगेच वाढवता येत नसे, कारण सेंद्रिय दुधासाठी गायी आणि कुरणे आधी त्या पद्धतीची व्हावी लागतात.

कंपन्यांची भूमिका दुहेरी होती. बेलामीजने ऑस्ट्रेलियातील पालकांची जाहीर माफी मागितली, पण तिची भरभराट याच मागणीवर झाली होती. २०१४ मध्ये एक डॉलरला बाजारात आलेला तिचा शेअर २०१५ च्या अखेरीस पंधरा डॉलरच्या वर गेला. डिसेंबर २०१६ मध्ये विक्री घटल्याची कबुली देताच तो एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. १ जानेवारी २०१८ पासून चीनने प्रत्येक कारखान्याला जास्तीत जास्त तीन छाप आणि पावडरीच्या नऊ पाककृती (घटकांची मिश्रणे) नोंदवण्याची मुभा देणारा नियम लागू केला, त्याची चाहूल लागून कंपन्यांचे साठे आधीच विकायला निघाले होते आणि त्याचा फटका बेलामीजच्या विक्रीला बसला होता. २०१९ मध्ये बेलामीज सुमारे दीड अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरला मेंगन्यू या चिनी कंपनीने घेतली. २००८ मध्ये ज्या कंपन्यांच्या दुधात मेलामाइन सापडले, त्यांत मेंगन्यूही होती.

दायगोचा ओघ आटला तो ऑस्ट्रेलियातल्या दोन डब्यांच्या मर्यादेने नव्हे. १ जानेवारी २०१९ पासून चीनच्या ई-व्यापार कायद्याने अशा विक्रेत्यांना नोंदणी व कर लागू केला, त्यामुळे हौशी दायगो गळाले. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. विद्यार्थी आणि पर्यटक येणे थांबले, आणि इंग्रजी लेबलच्या डब्यांचा खप घटल्याने एटू मिल्क कंपनीला नफ्याचे अंदाज एकामागोमाग खाली आणावे लागले. पुढे ती चिनी लेबलकडे अधिकाधिक वळली. दरम्यान बाळेच कमी झाली होती: चीनमध्ये २०१६ साली सुमारे १ कोटी ७९ लाख जन्म नोंदले गेले होते, २०२२ मध्ये ९५ लाख ६० हजार.