प्रिन्स ऑफ वेल्सचे मॉडेल: मे १९४१ की डिसेंबर १९४१?

'प्रिन्स ऑफ वेल्स' या ब्रिटिश बॅटलशिपचे, म्हणजे जाड चिलखताच्या आणि मोठ्या तोफांच्या युद्धनौकेचे, मॉडेल बांधायचे तर ते तिच्या कोणत्या महिन्यातल्या रूपाचे? हा प्रश्न पडतो, कारण दुसऱ्या महायुद्धात लढलेली एकही ब्रिटिश बॅटलशिप आज पाहायला मिळत नाही. अमेरिकेने आपल्या आठ बॅटलशिप संग्रहालये म्हणून जपल्या. जपानमध्ये योकोसुकाला 'मिकासा' उभी आहे, आणि ती तर इंग्लंडमध्येच, बॅरोच्या विकर्स गोदीत बांधलेली. ब्रिटनने मात्र युद्धातून वाचलेल्या आपल्या सगळ्या बॅटलशिप मोडीत काढल्या. तिजोरी रिकामी होती आणि पोलादाला मागणी होती. 'वॉरस्पाइट' पहिल्या महायुद्धातल्या जटलंडपासून दुसऱ्यातल्या नॉर्मंडीपर्यंत लढली होती, एप्रिल १९४२ मध्ये मुंबई बंदरातही येऊन गेली होती. १९४७ मध्ये भंगारात जाताना ओढण्याचा दोर तुटून ती कॉर्नवॉलच्या खडकांवर चढली आणि तिथल्याच किनाऱ्यावर तिचे तुकडे झाले. युद्धानंतर सेवेत आलेली 'व्हॅनगार्ड'सुद्धा १९६० मध्ये तोडायला गेली. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसमोरच्या १५ इंची दोन तोफा तेवढ्या पाहता येतात. टेम्स नदीतली 'बेलफास्ट' ही क्रूझर, म्हणजे त्याहून लहान युद्धनौका आहे, बॅटलशिप नव्हे.

त्यामुळे या जहाजांना चहूबाजूंनी, पूर्ण रूपात पाहायचे तर मॉडेल हाच मार्ग उरतो. म्हणूनच हा छंद असलेली माणसे एखाद्या रेलिंगवरून किंवा राखाडी रंगाच्या छटेवरून महिनोन्‌महिने वाद घालतात. मला ते अजिबात वायफळ वाटत नाही.

या मॉडेलांची सुरुवात खेळण्याइतकीच कामातूनही झाली. नॉर्थॅम्प्टनची बॅसेट-लोक कंपनी १:१२०० स्केलची, पाण्याच्या रेषेपासून वरचाच भाग असलेली छोटी जहाजे बनवत असे. १०० फुटांना एक इंच असा तो साधा हिशेब. युद्धकाळात अशीच मॉडेल्स आपले जहाज कोणते आणि शत्रूचे कोणते, हे ओळखायला शिकवण्यासाठी वापरली गेली. पुढे एअरफिक्सने १:६०० मध्ये, म्हणजे ५० फुटांना एक इंच या मापात, 'हूड', 'वॉरस्पाइट', 'नेल्सन' यांचे प्लॅस्टिक किट काढले आणि ते शाळकरी मुलांच्या खिशाला परवडू लागले. १९७१ मध्ये जपानच्या शिझुओका शहरातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन १:७०० ची 'वॉटरलाइन' मालिका सुरू केली. आज १:३५० आणि १:२०० चे किटही मिळतात. १:३५० मध्ये मीटरभर उंचीचे रेलिंग जेमतेम तीन मिलिमीटर भरते. ते प्लॅस्टिकमध्ये ओतले तर कुंपणाच्या भिंतीसारखे जाड दिसते. म्हणून आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे रेलिंग कापून, वाकवून, चिमट्याने चिकटवतात.

आता 'प्रिन्स ऑफ वेल्स'कडे येऊ. किंग जॉर्ज पाचवा वर्गाच्या पाच नौकांपैकी ही एक. १९२२ च्या वॉशिंग्टन करारामुळे बॅटलशिपचे वजन ३५,००० टनांच्या आत ठेवायचे होते आणि १९३६ च्या लंडन करारात तोफेचे तोंड १४ इंचांवर आले. आधी चार-चार तोफांचे तीन बुरूज (तोफा धरणारी फिरती चिलखती घरे) बसवायचे ठरले होते. पण चिलखत वाढवायचे तर वजन कुठून तरी कमी करायला हवे होते. मग पुढच्या दोन बुरुजांपैकी वरच्या, म्हणजे 'बी' बुरुजात चारऐवजी दोनच तोफा ठेवल्या. पुढे चार आणि दोन, मागे चार, अशी दहा तोफांची जी चमत्कारिक मांडणी मॉडेलवर लगेच नजरेत भरते, ती या वजनाच्या ओढाताणीतून आली.

बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीतली ही नौका १९४१ च्या जानेवारीत नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला बुडाली. वर्षभराचेही आयुष्य नाही, तरी तिची किमान दोन वेगळी रूपे आहेत. २४ मे १९४१ ला 'हूड' या ब्रिटिश नौकेच्या मागोमाग ती जर्मनीच्या 'बिस्मार्क'शी लढली तेव्हा बुरुजांवरची यंत्रणा पुरती जुळलेली नव्हती आणि कंपनीचे कामगार जहाजावरच होते. 'हूड'वर १,४१८ माणसे होती, त्यांतले तिघेच वाचले. 'प्रिन्स ऑफ वेल्स'लाही सात गोळे लागले. पण तिच्या एका गोळ्याने 'बिस्मार्क'चे इंधन गळू लागले आणि तिला फ्रान्सची वाट धरावी लागली. त्या दिवशी 'प्रिन्स'चा रंग सरसकट राखाडी होता आणि 'बी' व 'वाय' (मागच्या) बुरुजांच्या माथ्यावर विमानविरोधी रॉकेटांचे पेटारे होते. ही रॉकेटे तारेला बांधलेले स्फोटक पॅराशूटने हवेत लोंबकळत ठेवत. फारशी उपयोगी नसलेली ही कल्पना दुरुस्तीच्या वेळी बाजूला सारली गेली आणि तिथे आठ नळ्यांच्या विमानविरोधी 'पॉम-पॉम' तोफा आल्या. ऑगस्टमध्ये चर्चिल रूझवेल्टना भेटायला न्यूफाउंडलंडला गेले ते याच नौकेने. तेव्हाच्या छायाचित्रांत तिच्या अंगावर फिक्या-गडद पट्ट्यांचा कॅमोफ्लाज दिसतो. सिंगापूरला ती त्याच पट्ट्यांत पोचली.

म्हणजे बांधायला बसण्याआधी तारीख ठरवावी लागते. मेमधले राखाडी जहाज करून त्याच्या बुरुजांच्या माथ्यावर पॉम-पॉम बसवले, तर असे जहाज कधी समुद्रात उतरलेच नव्हते.

खरे भांडण रंगाचे. हातात आहेत ती बहुतेक कृष्णधवल छायाचित्रे आणि त्या काळच्या काही फिल्म निळा रंग फिका, तर तांबडा गडद दाखवत. एकच पट्टा एका फोटोत निळसर-फिका वाटतो, दुसऱ्यात करडा. नौदलाच्या रंगांना ५०७ए, ५०७सी अशी नावे होती. पहिला मायदेशातल्या ताफ्याचा गडद राखाडी, दुसरा उष्ण प्रदेशातल्या ठाण्यांवरचा फिका. मधला ५०७बी ही स्वतंत्र छटा होती की नाही, यावर अनेक वर्षे वाद झाला. अलीकडे लोक नौदलाची मूळ कागदपत्रे वाचून, दिलेल्या प्रमाणात रंग मिसळून पाहतात. दुसऱ्याच्या रंगवलेल्या मॉडेलवरून मॉडेल रंगवण्यापेक्षा ही पद्धत शंभर पटींनी बरी.

समुद्रतळाशी गेलेल्या जहाजातूनही काही उत्तरे मिळाली. मलायाच्या किनाऱ्यापासून दूर, कुआंतानच्या बाजूला जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि तिच्यासोबतची ब्रिटिश नौका 'रिपल्स' दोन्ही बुडवल्या. त्यात ८४० जण गेले. २००७ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांनी 'प्रिन्स'चा सांगाडा बारकाईने तपासला. जहाजाच्या मधल्या भागात डाव्या अंगाला टॉर्पेडो लागला, असे पूर्वीच्या चौकशीत मानले गेले होते, पण तिथे भोक सापडले नाही. मागच्या बाजूला, डाव्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याजवळ झालेला आघात मात्र दिसला. वाकलेला दांडा फिरत राहिल्याने आत पाणी शिरत गेले. हे सांगाडे युद्धसमाधी मानले जातात, तरी भंगारवाल्यांची जहाजे त्यांचे पोलाद ओरबाडत आहेत. २०२३ मध्ये मलेशियाने असे एक चिनी जहाज अडवले. 'प्रिन्स' पालथी पडली आहे, त्यामुळे तळ, पंखे आणि सुकाणू यांचे माप तिथून मिळू शकते. वरचा ब्रिज (जिथून जहाज चालवतात ती जागा), धुराडी आणि ते वादग्रस्त पट्टे मात्र चिखलात दबले आहेत. त्यांच्यासाठी छायाचित्रे आणि गोदीचे नकाशेच धुंडाळावे लागतील.