‘रीबिल्ड’ म्हणजे नक्की काय? ऑनलाइन बेसबॉलमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येकाने एकेक संघ चालवायच्या स्पर्धेत, नव्याने शिरणाऱ्याच्या वाट्याला चांगला संघ येत नाही. चांगल्या संघांचे मालक जागेवर असतात. रिकामा असतो तो कुणीतरी वैतागून सोडलेला, बेवारस संघ. मी घेतला त्या संघाची आदल्या मोसमातली कामगिरी होती ५४ विजय आणि १०८ पराभव. पहिल्या बेसवर ३४ वर्षांचा, गुडघे गेलेला गडी, आणि त्याचा करार अजून तीन वर्षं, दरसाल २ कोटी २० लाख डॉलरचा. ‘फार्म’, म्हणजे खालच्या संघांत तयार होणारी पोरं, ३० संघांत २९ व्या क्रमांकावर. नाव घेण्यासारखे दोघेच: १९ वर्षांचा एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि एक पिचर (चेंडू टाकणारा). पिचरच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलेलं, कोपराची शस्त्रक्रिया, अकरा महिने. लीग चालवणाऱ्याने स्वागताच्या दोन ओळी धाडल्या होत्या. दुसरी अशी होती: रीबिल्ड खुशाल करा, पण मोसमात ६० सामने जिंकावेच लागतील, नाहीतर संघ काढून घेऊ.

त्या दुसऱ्या ओळीवरून अशा लीगांत जेवढी भांडणं होतात तेवढी खेळाडूंच्या अदलाबदलीवरूनही होत नाहीत. तिच्या मुळाशी ‘रीबिल्ड’ हा शब्द आहे, आणि तो दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो: पडलेला संघ पुन्हा उभा करणं, आणि पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम हरणं.

फासे आणि कार्डांच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. १९५१ साली ‘एपीबीए’ आला, १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’. दोन्हींत प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, आणि कार्डावर त्याचा सरलेला मोसम. मागच्या बाकावर बसून पुस्तकाची पानं उघडत क्रिकेट खेळायचो त्यातलाच प्रकार, फक्त गणित फार कसून केलेलं. कार्डातला माणूस म्हातारा होत नाही आणि सुधारतही नाही. मग वाट बघायची कशाची?

वाट बघण्याला किंमत आली ती १९८० नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये काही मित्रांनी खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारी लीग काढली. अशा लीगांत काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची मुभा असे. झालं, तळाचे मालक मोसमाच्या मध्यावर आपले महागडे तारे वरच्यांना देऊन टाकू लागले आणि बदल्यात स्वस्तातले कोवळे खेळाडू घेऊ लागले. त्याला ‘डंपिंग’ म्हणत. डंपिंगवर बंदी घालणारे नियमही लगोलग आले. म्हणजे आजचा वाद तेव्हाच जन्माला आला होता, नाव तेवढं वेगळं होतं.

संगणकावरचे सुरुवातीचे खेळ डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, बसवणारे होते. कोणाला पिच करायला लावायचं, कधी बदलायचं, इतकंच. कचेरीत बसवणारे खेळ नव्वदीच्या शेवटी आले. १९९७ मध्ये ‘बेसबॉल मोगल’, आणि १९९९ मध्ये ‘आउट ऑफ द पार्क’, ज्याला सगळे ओओटीपी म्हणतात. गंमत म्हणजे हा दुसरा खेळ लिहिणारा माणूस जर्मनीतला, जिथे फुटबॉलपुढे बेसबॉलला कोण विचारतो! पण या खेळांत खेळाडू १७ व्या वर्षी येतो, २७ पर्यंत चढतो, ३३ ला उतरणीला लागतो. आताची कुवत आणि पुढची शक्यता असे दोन वेगळे आकडे पडद्यावर शेजारी शेजारी दिसायला लागले. रीबिल्डचं सगळं शास्त्र त्या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभं आहे.

आता खऱ्या बेसबॉलकडे वळायला हवं, कारण या खेळांनी नियम तिथूनच उचलले. हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंमधून संघांनी पाळीपाळीने करायची निवड, १९६५ मध्ये सुरू झाला, शेवटचा संघ आधी निवडणार या तत्त्वावर. त्याआधी पडलेला संघ उभा करणं म्हणजे नुसती तपश्चर्या. फिलाडेल्फियाच्या एका संघाने १९१४ ला आपली लीग जिंकली, मग पैशाअभावी तारे विकले, १९१६ ला ३६ जिंकले आणि ११७ हरले. पुन्हा वर यायला १९२९ उजाडलं. ड्राफ्टने ही वाट छोटी केली, पण लगेच नाही. अमेरिकेतले मोठे संघ दोन लीगांत विभागलेले आहेत, आणि २००४ पर्यंत पहिला क्रमांक त्या दोन लीगांमध्ये आळीपाळीने जायचा. सगळ्यांत वाईट संघ असूनही, पाळी दुसऱ्या लीगची असेल तर तुम्हाला दुसरा क्रमांक. तोवर मुद्दाम तळ गाठण्यात फारसा अर्थ नव्हता. २००५ पासून सरळ उलटा क्रम लागू झाला. मग २०११ च्या शेवटी मालक आणि खेळाडूंच्या करारात पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीची रक्कम ठरली आणि त्या रकमांची बेरीज म्हणजे नव्या खेळाडूंवर खर्चायची संघाची थैली असा हिशेब आला. जेवढे वर निवडाल तेवढी थैली जड. तळाला पहिल्यांदाच खरा बाजारभाव आला तो इथे.

आणि नेमका तेव्हा ह्यूस्टनचा संघ पडला होता. २०११ ला १०६ पराभव, २०१२ ला १०७, २०१३ ला १११. मग २०१७ ला जगज्जेतेपद. ऑनलाइन लीगांमधल्या निम्म्या मालकांच्या डोक्यात हाच नकाशा आहे: तीन वर्षं मरा, चौथ्या वर्षी उठा, सातव्या वर्षी जिंका. मला स्वतःला तो नकाशा नीट वाचलेला वाटत नाही.

२०१२ ला त्यांनी पहिल्या क्रमांकावर प्वेर्तो रिकोचा १७ वर्षांचा शॉर्टस्टॉप घेतला. क्रमांकाची ठरलेली रक्कम ७२ लाख डॉलर होती. तो ४८ लाखांत तयार झाला. वाचलेल्या पैशांतून ४१ व्या क्रमांकावर एक महाग पिचर गळाला लावला, ज्याने पुढे २०१७ च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना सुरू केला. ही खरी हुशारी. पण २०१३ चा पहिला क्रमांक? तो पिचर ह्यूस्टनच्या मुख्य संघासाठी एकही सामना खेळला नाही. मोठ्या लीगमध्ये पोहोचला तो २०२२ मध्ये, फिलाडेल्फियाकडून. २०१४ चा पहिला क्रमांक तर सहीच न करता गेला, वैद्यकीय तपासणीत कोपराचा प्रश्न निघाला आणि बोलणी फिसकटली. भरपाई म्हणून २०१५ ला दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यातून चांगला तिसऱ्या बेसचा खेळाडू आला. म्हणजे लागोपाठ तीन पहिल्या क्रमांकांतून सरळ हाती लागला एकच. बाकीचा कणा कुठून आला? दुसऱ्या बेसवरचा बुटका खेळाडू व्हेनेझुएलातून २००७ मध्ये फक्त १५ हजार डॉलरांत सही केलेला. मुख्य डावखुरा पिचर २००९ च्या सातव्या फेरीतला. सेंटर फील्डर २०११ च्या ड्राफ्टमधला, शंभर पराभवांची रांग लागण्याआधीच्या क्रमांकावर घेतलेला. हे सगळे घरातच होते. (त्याच २०१७ च्या मोसमात समोरच्या संघाच्या पिचरला होणाऱ्या खुणा चोरल्याबद्दल ह्यूस्टनला २०२० मध्ये शिक्षा झाली, तीही ड्राफ्टच्या भाषेत: दोन वर्षांच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या निवडी गेल्या.)

पण खेळात ही बारीक गोष्ट पुसली जाते. बहुतेक लीगांत हरणाऱ्या मालकाला खेळाने आपणहून काढून टाकायची सोय बंद ठेवलेली असते. खऱ्या लीगमध्ये ड्राफ्टच्या निवडी, मोजका अपवाद सोडला तर, विकता येत नाहीत. ओओटीपीत लीग चालवणाऱ्याने एक खूण केली की येतात. तेव्हा पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी गोळा करून बसणं हा धंदाच होतो. उलट बाजूने खेळ एका गोष्टीत निर्दय आहे: हरत राहिलात की प्रेक्षकांचा रस आटतो, तिकिटं कमी खपतात, पुढच्या वर्षीचं बजेट खाली येतं. तरुण खेळाडू तयार होईपर्यंत त्यांना पैसे द्यायची ऐपत उरत नाही. पाच मोसमांचा आराखडा आठवर जातो तो बहुधा इथे. आणि आठ मोसम म्हणजे थट्टा नव्हे. आमच्या लीगमध्ये एक मोसम जवळजवळ तीन महिने चालतो. निकाल तिकडे रविवारी रात्री लागतात, इथे सोमवारी सकाळी चहाबरोबर कळतात. आठ मोसम म्हणजे दोन वर्षांचे चहा.

आता त्या शब्दाकडे. ‘रीबिल्ड’ म्हणजे पुनर्बांधणी, याबद्दल कोणाची तक्रार नाही. त्याच्या पोटात दडलेला दुसरा शब्द ‘टँकिंग’. तो मुष्टियुद्धातला आहे: पैसे घेऊन रिंगणात मुद्दाम आडवं होणं. तिथे हरणारा स्वतः खेळाडू असतो. बेसबॉलमध्ये मैदानावरचा कोणीच मुद्दाम हरत नसतो. हरणं ठरतं ते कचेरीत, खेळाडू निवडतानाच. मग सीमा कुठे आखायची? कॅचरला, म्हणजे विकेटकीपरसारख्या खेळाडूला, शॉर्टस्टॉपवर उभं केलं तर ते टँकिंग, यावर सगळ्यांचं एकमत. ३४ वर्षांच्या त्या पहिल्या बेसवाल्याला विकून बदल्यात तीन पोरं घेतली, तर ती पुनर्बांधणी, यावरही एकमत. भांडण मधल्या पट्ट्यात आहे. मोठ्या लीगसाठी तयार असलेला खेळाडू खाली दाबून ठेवला तर?

इथे सेवाकाळाचा, म्हणजे मोठ्या लीगमध्ये काढलेल्या दिवसांचा, हिशेब मध्ये येतो. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या संघाकडे जायला मोकळा. २०१५ मध्ये शिकागोच्या एका संघाने आपला सगळ्यांत चांगला तरुण फलंदाज एप्रिलमध्ये काही दिवस खाली ठेवला. त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने संघाला आणखी एक मोसम मिळाला. खेळाडूने दाद मागितली, २०२० च्या सुरुवातीला निकाल विरोधात गेला. २०२२ च्या करारात मग अशी सोय झाली की नवोदितांच्या मानाच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाचं श्रेय मिळेल. ऑनलाइन लीगांत मात्र बहुतेक जण अजूनही एप्रिलचे तीन आठवडे डोळे मिटून मोजतात, आणि त्याला कोणी टँकिंग म्हणत नाही. शहाणपण म्हणतात.

या धूसर पट्ट्यावर तोडगा म्हणून किमान विजयांची अट आली. कुठे एका मोसमाचा आकडा, कुठे दोन-तीन मोसमांची बेरीज. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: चार संघ मुद्दाम हरले तर त्यांच्याशी जास्त सामने असलेल्या गटाला फुकटचे विजय मिळतात आणि प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीत पोहोचायची, शर्यत खोटी होते. मुद्दा बिनतोड आहे. पण अट हेतू बघत नाही, आकडा बघते. जुना, मुरलेला मालक ६१ वर बरोबर थांबायला शिकतो. शेवटच्या पंधरवड्यात त्याचे पिचर अचानक थकतात. सापडतो तो नवा माणूस, ज्याला ५४ विजयांचा संघ आणि दुसऱ्याने लिहिलेले करार वारशाने मिळाले. मी या बाबतीत तटस्थ नाही, हे एव्हाना कळलंच असेल.

दुसरा तोडगा सोडतीचा. बास्केटबॉलमध्ये ती १९८५ पासून आहे. बेसबॉलने तिला हात घातला डिसेंबर २०२२ मध्ये, पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी. पहिले सहा क्रमांक सोडतीने, आणि तळाच्या तिघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच संधी, प्रत्येकी १६.५ टक्के. २०२४ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक क्लीव्हलँडला लागला, २ टक्के संधी असताना. शिवाय श्रीमंत संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतला क्रमांक घेता येत नाही. शिकागोचा दुसरा संघ २०२४ ला १२१ सामने हरला, आधुनिक काळातला विक्रम, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्याला मिळाला दहावा क्रमांक. हे झाल्यावर आमच्याकडे सोडतीचा ठराव आला. मतं समान पडली. लीग चालवणाऱ्याचं मत अटीच्या बाजूने होतं, आणि अट राहिली.

माझा पहिला मोसम जुलैत ३१ विजयांवर आला तेव्हा साठचं गणित जुळेना. शॉर्टस्टॉप तयार होता. त्याला पुढच्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वर आणायचं असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. जुलैतच आणला. संघ ६१ वर संपला, संघ माझ्याकडे राहिला, आणि तो मुलगा आता एक आख्खा मोसम आधी मोकळा होणार. मी हे लीग चालवणाऱ्याला जरा चिडूनच लिहिलं. त्याचं उत्तर सोमवारच्या निकालांबरोबर आलं: ‘अट त्यासाठीच आहे.’