पृथ्वीगोल व गुरुत्वाकर्षण यांचे बालशिक्षण

पृथ्वी गोल आहे आणि ‘खाली’ म्हणजे तिच्या मध्याकडे, या दोन कल्पना साधारण ५ ते १० वर्षांच्या मुलांना निरीक्षण, हाताळणी व प्रश्नोत्तरांतून उमगाव्यात यासाठीची अध्यापनपद्धती. दोन्ही एकत्रच शिकवाव्या लागतात. ‘खाली’ची दिशा सर्वत्र एकच मानणाऱ्या मुलाच्या मते गोलाच्या पलीकडची माणसे पडायलाच हवीत. शंका जुनी आहे. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘सिद्धांतशिरोमणी’ या आपल्या ज्योतिषग्रंथाच्या गोलाध्याय या भागात तिचे निरसन करताना, जो जिथे उभा असतो तो पृथ्वी पायाखाली व आपण तिच्यावर आहोत असे मानतो, असे म्हटले आहे. त्यांनी उल्लेखिलेली आकर्षणशक्ती म्हणजे न्यूटनचा नियमच, असे म्हणण्याचा मोह मात्र टाळलेला बरा.

मुलांच्या कल्पनांचा पद्धतशीर अभ्यास नुसबाउम व नोव्हाक या विज्ञानशिक्षण-संशोधकांच्या १९७६ मधील दुसरीच्या मुलांच्या मुलाखतींपासून सुरू झाला, असे सामान्यतः मानतात. वोस्नियाडू व ब्रूअर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये ६० अमेरिकन मुलांच्या उत्तरांवरून मुलांच्या मनात पृथ्वीची सुसंगत प्रतिमाने (मनातली चित्रे) असतात असे मांडले : आयताकार पृथ्वी, तबकडी, पोकळ गोल (माणसे आत, सपाट तळावर), तसेच पायाखालची एक आणि आकाशातली एक अशा दोन पृथ्व्या. हैदराबादच्या मुलांत (१९९६) पाण्यावर टेकलेली पृथ्वीही आढळली. नोब्ज, सीगल आदी मानसशास्त्रज्ञांना हे मान्य नाही. चित्रे काढायला लावल्याने व प्रश्न फिरवून विचारल्याने मुले गोंधळतात, त्यांच्याजवळ असते ती तुटक माहिती, असे त्यांचे म्हणणे. चित्रात सपाट जमीन काढणारे मूल हाती गोल दिल्यावर पुष्कळदा बरोबर उत्तर देते, हे पाहता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

कृतींपैकी समांतर पृथ्वीगोल विशेष उपयुक्त. आपले गाव माथ्यावर येईल व अक्षाचे उत्तर टोक ध्रुवताऱ्याकडे राहील अशा बेताने गोल उन्हात ठेवून त्यावर चिकणमातीच्या गोळ्यांत टाचण्या उभ्या रोवतात. पुण्यात मेच्या मध्यास भर दुपारी माथ्यावरच्या टाचणीची सावली नाहीशी होते, दिल्लीवरच्या टाचणीची उरते. अंगणात रोवलेली काठीही त्याच क्षणी बिनसावलीची होते. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने असे शून्यछाया दिन येथे सर्वत्र वर्षातून दोनदा येतात. अडचण वेळापत्रकाची : मे महिन्यात शाळेला सुटी आणि जुलैअखेरीस आभाळ भरलेले. फेब्रुवारीपासून काठीच्या दुपारच्या सावलीची लांबी टिपत गेल्यास ती आखूड होत चाललेली तरी मुलांना दिसते.